बालगंधर्व : पात्रे बदलली, भामिनी तीच राहिली

मराठी संगीत रंगभूमी बहरात होती त्या काळात नाटक मंडळी हे एक फिरते गाव असे. गायक, नट, वादक, पडदे ओढणारे, आचारी, रंगभूषाकार आणि हिशेबनीस असा सारा संसार सामानासह एका शहरातून दुसऱ्या शहरात हलत असे. या गावात माणसे येत आणि जात. कोणी जास्त पगाराच्या आशेने दुसरी मंडळी गाठी, कोणाचा आवाज फुटे, कोणी आजारपणात दगावे. खेळ मात्र ठरलेल्या रात्री व्हावाच लागे. एकाने सोडलेली भूमिका दुसऱ्याने उचलायची, हा या व्यवसायाचा अलिखित नियम होता.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, याच नियमामुळे रंगभूमीवर आले. दुसऱ्याची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी त्यांना मंडळीत घेण्यात आले. पुढे मात्र तेच या नियमाला अपवाद ठरले. सुमारे पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्यासमोरचे नायक बदलले, भागीदार बदलले, साथीदार बदलले, पण नायिका तीच राहिली. या अपवादाने त्यांना अपूर्व कीर्ती दिली आणि त्यांच्या मंडळीच्या ऱ्हासाचे बीजही त्यातच होते.

शकुंतलेची जागा

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, तेव्हा शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदार यांनी केली होती. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे त्या काळी समाजाला मान्य नव्हते, त्यामुळे सर्व स्त्रीभूमिका पुरुषच करीत. १८८२ साली बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. त्यांचा आवाज असा असामान्य होता की शकुंतला त्यांच्याकडे गेली. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या सौभद्रातील सुभद्राही त्यांनीच साकारली. मुजुमदार पुढे व्यवस्थापनाकडे वळले. भूमिका गेली तरी मंडळी सोडायची नाही, हा त्यांचा निर्णय किर्लोस्कर मंडळीला दीर्घकाळ उपयोगी पडला.

अण्णासाहेबांचे १८८५ साली निधन झाले. त्यांच्यानंतर मंडळीची लोकप्रियता भाऊरावांच्या गळ्यावर टिकून राहिली. वयपरत्वे ते पुरुषभूमिकांकडे वळले आणि तेथेही यशस्वी झाले. परंतु फेब्रुवारी १९०१ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून इतर नटांनी नायिकेच्या भूमिका चालवल्या. खेळ होत राहिले, पण सुभद्रा म्हटले की प्रेक्षकांना भाऊरावच आठवत.

ही उणीव भरून काढणारा मुलगा तोपर्यंत लहानाचा मोठा होत होता. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे राजहंस कुटुंबाचे मूळ गाव. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. वडील श्रीपादराव यांना सतारीची आवड होती. जळगावात असताना मेहबूब खाँ यांच्याकडून नारायणाला गायनाचे प्रारंभिक शिक्षण मिळाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हटले. ते नाव जन्मभर चिकटले. मूळ नाव केवळ कागदोपत्री उरले.

मिरजेचा मुक्काम

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांना या मुलाच्या गळ्याचे कौतुक होते. नारायणाला ऐकण्याचा त्रास असल्याचे लक्षात येताच महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन रुग्णालयात डॉ. वॉन्लेस यांच्याकडे उपचारांसाठी पाठविले. मिरजेतच किर्लोस्कर मंडळीशी त्याचा संबंध जुळला आणि १९०५ साली, सतराव्या वर्षी, तो शकुंतलेच्या भूमिकेत प्रेक्षकांसमोर उभा राहिला.

त्या काळी मंडळीत दाखल झालेल्या मुलाला थेट नायिका मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. एरवी अशी मुले सकाळी गायनाची तालीम करीत, दुपारी आपल्या नकला पाठ करीत आणि रात्री सख्या, दास्या किंवा ऋषिकुमार होऊन रंगमंचाच्या कडेला उभी राहत. मोठ्या नटाची भूमिका रोज पाहून ती तोंडपाठ होई. एखाद्या रात्री तो नट आजारी पडला की कडेच्या मुलाला मध्यभागी यावे लागे. हीच त्यांची परीक्षा आणि हीच बढती. नारायणाच्या बाबतीत ही पायरी गाळली गेली, याचे कारण मंडळीची निकड होती.

गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याला अभिनयाचे धडे दिले. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांची तालीम लाभली. शकुंतला, सुभद्रा, वसंतसेना, शारदा अशा भूमिका एकामागून एक त्याच्याकडे आल्या. या सर्व भूमिका आधी दुसऱ्या कोणी तरी केलेल्या होत्या. प्रेक्षक भाऊरावांशी तुलना करीत आणि जाणकारांच्या मते दोघांची गायकी वेगळी होती. भाऊरावांचा आवाज उंच, धारदार आणि दूरवर पोहोचणारा, तर या नव्या नटाचे गाणे मृदू, भावार्थाला धरून चालणारे. हळूहळू तुलना मागे पडली आणि भूमिका नव्या नटाच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

भामिनी आणि तिचे धैर्यधर

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे मानापमान हे बालगंधर्वांच्या वाट्याला आलेले पहिले मोठे नवे नाटक. संपत्तीचा अभिमान बाळगणारी भामिनी, गरीब पण पराक्रमी सेनापती धैर्यधर आणि भित्रा, भपकेबाज लक्ष्मीधर यांच्याभोवती हे विनोदी प्रेमनाट्य फिरते. धैर्यधराचा अपमान करणारी भामिनी वनमालेच्या वेषात त्याच्याजवळ राहते आणि तिचा अभिमान गळून पडतो. गोविंदराव टेंबे यांनी पदांना दिलेल्या चालींनी रागदारी संगीत आणि नाटकाचा खेळकरपणा यांची सांगड घातली.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात पहिला प्रयोग ठरला होता. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. प्रयोग पुढे ढकलण्याची मंडळीच्या चालकांची तयारी होती. भामिनीच्या नकला दुसऱ्या कोणाच्या तयार नव्हत्या, त्यामुळे बदली नट उभा करणे शक्य नव्हते. बालगंधर्वांनी खेळ रद्द होऊ दिला नाही. घरातले दुःख बाजूला ठेवून त्यांनी त्या रात्री हसरी, मानी भामिनी रंगवली. नाटक विलक्षण यशस्वी झाले. त्या रात्रीपासून मंडळी, प्रेक्षक आणि स्वतः बालगंधर्व यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. भामिनी म्हणजे बालगंधर्व, त्यांच्याऐवजी दुसरे कोणी नाही.

धैर्यधराच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. पहिले धैर्यधर नानासाहेब जोगळेकर हे देखणे गायक नट आणि मंडळीचे एक चालक होते. लक्ष्मीधराच्या भूमिकेत गणपतराव बोडस यांनी हास्याचे फवारे उडवले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस, नोव्हेंबर १९११ मध्ये, जोगळेकरांचे अकाली निधन झाले. नवे, गाजत असलेले नाटक पहिल्याच वर्षी नायकाला मुकले. मंडळीने दुसरा नायक उभा केला आणि दौरे चालू राहिले. नाटक मंडळीच्या चालीरीतीला धरूनच हे झाले.

एका वेळी तीन जागा रिकाम्या

जोगळेकरांच्या मृत्यूनंतर किर्लोस्कर मंडळीतील अंतर्गत वाद वाढत गेले. जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे हे तिघेही बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. एखादा नट फुटणे नवीन नव्हते. येथे मात्र नायिका, विनोदी नट आणि संगीतकार एकाच वेळी गेले. ज्यांच्यावर ही पोकळी भरण्याची जबाबदारी आली ते शंकरराव मुजुमदार म्हणजे १८८० सालची पहिली शकुंतला. आपली भूमिका भाऊरावांच्या हाती गेलेली त्यांनी पाहिली होती, भाऊरावांची बालगंधर्वांकडे आलेलीही पाहिली होती. आता त्यांना तिसरी शकुंतला शोधायची होती.

मंडळीने गोव्यातील मंगेशी येथील एका चौदा वर्षांच्या आतील मुलाला घेतले. दीनानाथ मंगेशकर त्याचे नाव. पुढे लता मंगेशकर यांचे वडील म्हणून देशभर ओळखल्या गेलेल्या दीनानाथांची रंगभूमीवरील सुरुवात अशी दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर झाली. त्यांची गायकी तेजस्वी आणि आक्रमक होती. बालगंधर्वांचे अनुकरण करण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. १९१८ साली तेही बाहेर पडले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी बळवंत संगीत मंडळी उभारली. कालांतराने त्यांनी मानापमानातील धैर्यधर स्वतः साकारला आणि काही पदांना आपल्या ढंगाच्या चाली दिल्या. नट बदलला की भूमिकेचा चेहरामोहराही बदलतो, हे त्यांनी दाखवून दिले.

गंधर्व मंडळीत धैर्यधराची भूमिका टेंबे यांच्याकडे गेली. काल-परवापर्यंत पेटीवर साथ करणारा आणि चाली बांधणारा कलावंत आता तोंडाला रंग लावून त्याच चाली स्वतः गात होता. मंडळीला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा आश्रय लाभला. पण भागीदारांचे एकमत फार काळ टिकले नाही. १९१५ च्या सुमारास टेंबे यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. देवलांच्या निधनानंतर, १९१६ साली, गंधर्व मंडळीने त्यांचे संशयकल्लोळ संगीत रूपात रंगभूमीवर आणले. त्यातील संशयी फाल्गुनराव बोडसांनी आणि रेवती बालगंधर्वांनी अजरामर केली. त्याच वर्षी आलेल्या स्वयंवर नाटकातील रुक्मिणी आणि त्यानंतर एकच प्याला नाटकातील सिंधू या भूमिकांनी बालगंधर्वांचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र काही काळाने बोडसही मंडळीतून बाहेर पडले आणि मालकीचा सारा भार एकट्या बालगंधर्वांवर आला.

त्यांच्यासमोर गाण्यासाठी नवे नायक येत राहिले. विनायकराव पटवर्धन १९२२ पासून सुमारे दहा वर्षे मंडळीत होते. त्यानंतर नाटक सोडून त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मास्टर कृष्णराव यांनी भूमिका केल्या आणि कान्होपात्रासारख्या नाटकांना चालीही दिल्या. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ लाभली. नायक म्हणून येणाऱ्याला एक अवघड गोष्ट स्वीकारावी लागे. प्रेक्षक तिकीट काढीत ते नायिकेसाठी.

एका रात्रीचा नायक

या साऱ्या बदलांत एक बदल मराठी माणसाच्या स्मरणात कायमचा राहिला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मानापमानाचा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व मंडळीचे मालक बालगंधर्व भामिनी, आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी ललितकलादर्श मंडळीचे मालक केशवराव भोसले धैर्यधर. दोन्ही मंडळींचे चाहते एकमेकांशी हिरिरीने वाद घालीत. त्या रात्री दोन्ही बाजूंचे लोक एकाच छताखाली बसले. केशवरावांची तडफदार तान आणि बालगंधर्वांची लडिवाळ गायकी एकमेकींना पूरक ठरली. स्पर्धेची अपेक्षा धरून आलेल्यांना दोन थोर गायकांची समरसता अनुभवायला मिळाली आणि फंडालाही मोठी रक्कम मिळाली.

अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे वयाच्या एकतिसाव्या वर्षी निधन झाले. मानापमानाने आपला दुसरा मोठा धैर्यधर गमावला. ललितकलादर्श मंडळी मात्र बंद पडली नाही. केशवरावांनी घडवलेले बापूराव पेंढारकर यांनी तिची धुरा घेतली, आणि त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुढे नेली. हुबळी येथे १९०८ साली जन्मलेल्या या संस्थेने आपल्या संस्थापकाच्या पश्चात अनेक दशके रंगभूमीची सेवा केली, कारण तेथे मालकाच्या भूमिकाही दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी होती.

गंधर्व मंडळीत अशी तयारी झाली नाही. बालगंधर्वांचा ध्यास परिपूर्णतेचा होता. अस्सल भरजरी शालू, उंची अत्तरे, भव्य देखावे यांवर पैसा पाण्यासारखा खर्च होई. द्रौपदी नाटकातील मयसभेच्या देखाव्याचा थाट त्या काळी चर्चेचा विषय झाला होता. मंडळीवर मोठे कर्ज झाले. सावकारांच्या देखरेखीखाली खेळ करीत त्यांनी ते बऱ्याच अंशी फेडले. प्रत्येक खेळाचे उत्पन्न एकाच व्यक्तीच्या गळ्यावर आणि रूपावर अवलंबून असल्यामुळे विश्रांतीला वाव नव्हता. बालगंधर्वांशिवाय गंधर्व मंडळीचा खेळ ही कल्पनाच प्रेक्षकांना मान्य नव्हती.

गोहरबाईंचा प्रवेश

काळ बदलला. बोलपट १९३२ पासून मराठीत आले. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिका स्वतः नाटकांत उतरल्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या आंधळ्यांची शाळा या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. पुरुषाने नायिका होण्याची गरजच संपत चालली. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत होते.

त्यांनी प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३५ साली प्रदर्शित झाला. समोर प्रेक्षक नसताना, तुकड्यातुकड्यांनी अभिनय करणे त्यांना मानवले नाही. प्रभातशी असलेला संबंध एका चित्रपटानंतर संपला आणि ते पुन्हा नाटकाकडे वळले.

१९३८ साली गोहर कर्नाटकी मंडळीत आल्या. हिंदी चित्रपटांतून पुढे देशभर गाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या भगिनी. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकूनच त्यांनी ही गायकी आत्मसात केली होती. पुरुषाने स्त्री म्हणून गायिलेली पदे आता एक स्त्री त्याच ढंगाने गात होती. बालगंधर्वांच्या नायिकांना प्रथमच वारस मिळाली. नायिकेच्या काही भूमिका गोहरबाईंकडे आल्या आणि बालगंधर्वांनी पुरुषभूमिका स्वीकारल्या.

पूर्वी भाऊरावांच्या नायिका इतरांकडे गेल्या होत्या, त्याच स्वाभाविक क्रमाने हे व्हायला हवे होते. पण प्रेक्षकांनी ते मनापासून स्वीकारले नाही. जुने सहकारी दुरावले. गोहरबाई कलावंतीण होत्या आणि मुसलमान होत्या, यावरून समाजात कुजबुज आणि उघड टीकाही झाली. पत्नी लक्ष्मीबाई यांचे १९४० साली निधन झाले. १९५१ साली बालगंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला. लोकांना जुनी सिंधू, जुनी रुक्मिणीच हवी होती. त्यामुळे वय झालेले, स्थूल झालेले बालगंधर्व पुन्हा पुन्हा शालू नेसून उभे राहत. काही प्रेक्षक भक्तिभावाने येत, काहींना ते दृश्य पाहवत नसे. पन्नासच्या दशकाच्या मध्यात त्यांचा रंगभूमीवरील वावर थांबला. पायांतील शक्ती गेल्यानंतरही ते बसून भजने गात.

मानसन्मान उशिरा का होईना लाभले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा अभिनयासाठीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. त्याच १९६४ साली गोहरबाईंचे निधन झाले. अखेरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत आणि आजारपणात गेली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

रिकामी राहिलेली जागा

पुण्यातील ज्या रंगमंदिराला त्यांचे नाव देण्यात आले त्याचे भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हस्ते झाले होते. उद्घाटन मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी झाले. त्या रंगमंचावर मानापमान, सौभद्र, स्वयंवर ही नाटके नव्या नटनटींनी सादर केली. २०११ साली त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटात सुबोध भावे यांनी बालगंधर्वांची भूमिका केली. २०२५ च्या जानेवारीत मानापमानावर आधारित चित्रपट आला, त्यात भामिनी एका अभिनेत्रीने साकारली आणि त्याचे कोणाला नवल वाटले नाही.

नाटक मंडळीचा जुना नियम अशा रीतीने शेवटी खरा ठरला. भूमिका नटापेक्षा दीर्घायुषी असते. भाऊरावांची सुभद्रा बालगंधर्वांना मिळाली आणि बालगंधर्वांची भामिनी पुढच्या पिढ्यांना मिळाली. त्यांच्या स्वतःच्या मंडळीला मात्र ही देवाणघेवाण वेळेवर साधली नाही. दुसऱ्याच्या जागी आलेल्या एका मुलाने ती जागा इतकी व्यापली, की तो दूर झाल्यावर तेथे उभे राहण्याचे धैर्य दीर्घकाळ कोणाला झाले नाही. त्यांचा मोठेपणा आणि त्यांच्या उत्तरायुष्यातील दुःख यांचा उगम एकच होता.